फुल्यांची मागणी, शाहूंचा एक रुपया आणि चवदार तळं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये समाजसुधारकांवरचे प्रश्न सगळ्यात जास्त होते, एप्रिलमध्ये फुले आणि आंबेडकर जयंती लागोपाठ येतात म्हणूनही असेल. काही प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते म्हणून क्रम थोडा बदललाय, आणि काही उत्तरं लांबलीयत कारण ते विषय दोन ओळीत आटपण्यासारखे नाहीतच.

प्रश्न (सांगलीहून एक ताई): माझा मुलगा नववीत आहे. तो परवा म्हणाला, आई, शाळा तर मिशनरी पण काढत होते ना, मग फुल्यांचंच नाव एवढं का घेतात? मला नीट सांगता आलं नाही.

उत्तर: ताई, मुलाने अगदी नेमकं विचारलंय, त्याला "ते महात्मा होते म्हणून" असं सांगून गप्प बसवू नका. मिशनरी शाळा होत्याच. जोतीराव स्वतः अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा बघून आले होते, आणि मग १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. तेव्हा ते २१ वर्षांचे आणि सावित्रीबाई १७ च्या, म्हणजे आज कॉलेजात असतात त्या वयाची दोघं. मिशनऱ्यांबद्दल लोक म्हणायचे, ते गोरे, त्यांचा धर्म वेगळा, करू दे काय करायचं ते. पण हा पुण्यातलाच माळ्याचा मुलगा आणि त्याची बायको, हे आपल्यातले, ह्यांनी पोरींच्या आणि महारमांगांच्या मुलांच्या हातात पाटी दिली तर उद्या आपल्या घरापर्यंत येणार, ही भीती होती. म्हणून तर सावित्रीबाईंवर रस्त्यात शेण पडलं आणि जोतीरावांच्या वडिलांवर दबाव येऊन दोघांना घर सोडावं लागलं. तेव्हा उस्मान शेख यांनी जागा दिली. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये माहेरून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात उस्मान शेख यांची बहीण फातिमा हिचं नाव येतं, माझ्या मागे तिला त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही अशा अर्थाचं वाक्य आहे. मला ते पत्र फार आवडतं, कारण त्यात भाषण नाही, आपण आजारपणामुळे माहेरी आलोय आणि शाळेचं काम मैत्रिणीवर पडलंय एवढी साधी काळजी आहे.

आता मुलाला एक गोष्ट नक्की सांगा. शाळा सुरू झाल्यावर सातच वर्षांनी, १८५५ मध्ये, ह्याच शाळांमधल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाबद्दल. ती विचारते की वेद जर फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचं पुस्तक कुठलं, आमचा धर्म कुठला, देवा तूच सांग म्हणजे आम्ही त्याप्रमाणे वागू. पेशवाईत वाड्यांच्या पायात माणसं गाडायचे तेही तिने लिहिलंय. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाची! जिच्या आईवडिलांना अक्षर बघायची परवानगी नव्हती ती सरळ देवालाच जाब विचारते. शाळेने काय बदललं असं कुणी विचारलं की मी आधी मुक्ताचं नाव घेते, आकडे नंतर.

आणि अजून एक, जे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलं जातं. १८८२ मध्ये सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात कमी वाचलं गेलेलं आणि सगळ्यात कामाचं लिखाण ते हेच. त्यात ते म्हणतात, सरकारचा पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या कॉलेजांवर. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षं वयापर्यंत सक्तीचं करा. पण इथे थांबत नाहीत हो ते! मास्तराला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या, मास्तर शेतकरी घरातले घ्या, वेळ पडली तर नांगर धरतील असे, मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेती आणि आरोग्य शिकवा, आणि इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो ते बंद करा, दर तिमाहीला तरी यावा आणि आधी न कळवता यावा. म्हणजे मास्तरचा पगार किती आणि तपासणी कधी इथपर्यंत त्या माणसाने विचार केला होता. मोठमोठं बोलणारे खूप असतात, पण असं तपशिलात उतरून लिहून ठेवलं की पुढच्या माणसाला ते उचलून अंमलात आणता येतं. मुलाच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): समाज सक्तीने सुधारतो का? लोकांचं मन बदललं पाहिजे, कायद्याने काय होणार, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: दादा, मन बदलायला हवं हे खरंच आहे, पण मन बदलेपर्यंत पोरांचं वय थांबत नाही ना. वरच्या उत्तरातली सक्तीच्या शिक्षणाची मागणी पुढे कशी गेली ते बघा. सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १८९३ मध्ये आधी अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात ते लागू केलं. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिशांच्या कौन्सिलात बिल आणलं, ते दुसऱ्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कायदाच केला, प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत, मुलाला शाळेत नाही पाठवलं तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड.

हा एक रुपया माझ्या घरातला आहे म्हणून जरा लिहिते. माझे आजोबा कोल्हापूरकडच्या एका खेड्यातले, घरी चार म्हशी, आणि म्हशींमागे आजोबा. पणजोबांचं म्हणणं साधं होतं की पोरगं शाळेत गेलं तर म्हशी कोण राखणार. मग दंडाची बातमी गावात आली आणि मास्तर पाटलाला घेऊन दारात उभे राहिले. आजोबा सांगायचे, बाप रात्रभर जोत्यावर बसून हिशेब करत होता, एक रुपया म्हणजे काय थोडा पैसा होता का तेव्हा, आणि सकाळी उठून म्हणाला जा बाबा शाळंत, म्हशीचं बघतो मी. म्हणजे पणजोबांचं मन बिन काही बदललं नव्हतं. आजोबा चौथी झाले, एवढंच. पण पुढे तीस-चाळीस वर्षं गावातल्या बायका नवऱ्याला मुंबईला पत्र लिहून घ्यायला आमच्या सोप्यात येऊन बसायच्या, आणि हेच पणजोबा म्हातारपणी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की माझं पोरगं लिहितंय. मी त्या शाळेत जाऊन जुनं जनरल रजिस्टर बघितलंय, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली, त्यात आजोबांचं नाव, आणि बापाचा धंदा ह्या रकान्यात शेती. मला तिथे उभं राहून रडू आलं होतं.

मन नंतर बदललं, आधी दंड आला. अर्थात नुसता दंड लावून भागलं नसतं, महाराजांना ते माहीत होतं. दूरच्या गावातली मुलं शिकायला आली तर राहतील कुठे, म्हणून १९०१ पासूनच कोल्हापुरात एकेक वसतिगृह उभं राहत गेलं, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम निघाला, कारण शिकलेल्या मुलाला नोकरीच नसेल तर बाप दुसऱ्या मुलाला कशाला शिकवेल. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. आणि जिथे हुकूम चालत नाही तिथे ते स्वतः जायचे. गंगाराम कांबळे यांचा किस्सा कोल्हापुरात अजून सांगतात, राजवाड्याच्या पागेत कामाला होते, पाण्याला शिवले म्हणून मार खाल्ला. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला लावलं, आणि त्या हॉटेलात कुणी येईना म्हणून महाराज स्वतः लवाजमा घेऊन गाडी थांबवायचे आणि चहा मागवायचे. राजा प्यायल्यावर बरोबरचे सरदार-दरकदार नाही कसं म्हणणार?

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं होतं असं वाचलं. मग १९२७ ला सत्याग्रह करायची गरजच काय होती?

उत्तर: वाचलंत ते बरोबर आहे, आणि तुमच्या प्रश्नातच महाडचं महत्त्व आहे. थोडं मागे जाऊ. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला की सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कोर्टकचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव पास झाला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही ठराव केला. कागद झाला, पण तळ्यावर काही बदललं नाही, गुरं पाणी पीत होती आणि माणूस पिऊ शकत नव्हता. खुलं आहे असं कागदावर असलं तरी पहिला माणूस घागर घेऊन गेला तर त्याचं काय होणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, तेव्हा तरुण पोरगा, ते १९२४ पासून बाबासाहेबांच्या मागे होते की महाडला परिषद घ्या. नगरपालिकेतले सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे ही सवर्ण मंडळी पण बरोबर होती. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली. आता हा आकडा बघा, परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. गावात तळं भरलेलं, नगरपालिकेचा ठराव झालेला, आणि पाणी विकत! दुसऱ्या दिवशी लोक रांगेने निघाले, बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं, मग बाकीच्यांनी.

थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि जेवत बसलेल्या, परतीला निघालेल्या लोकांवर काठ्या चालल्या, बायका-पोरंसुद्धा सुटली नाहीत. काहीजण मुसलमान घरांत जाऊन लपले म्हणून वाचले. आलेल्यांत सैन्यातून रिटायर झालेले कितीतरी महार जवान होते, त्यांनी मनात आणलं असतं तर काय झालं असतं विचार करा. बाबासाहेबांनी हात उचलू नका म्हणून सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. इतिहासात याला एक ओळ मिळते, पण मला वाटतं त्या दिवशी सगळ्यात अवघड काम त्या जवानांनी केलं.

मग तळं "शुद्ध" केलं, १०८ घागरी पंचगव्य ओतून. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद ठरली तर मंडपाला जागा कोणी देईना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी, आणि वर कोर्टाचा मनाईहुकूम आला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, तो ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे स्वतः ब्राह्मण होते. कोर्टाचा हुकूम बाबासाहेबांनी मोडला नाही, तळ्याला वळसा घालून मिरवणूक गेली आणि लढाई कोर्टात नेली. कोर्टात प्रश्न असा होता की अस्पृश्यांना मनाई करायची वहिवाट अनादी काळापासून आहे का, आणि ती सिद्ध करता आली नाही. हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. ओंजळीला दहा वर्षं होत आली होती तेव्हा.

मी दोन वर्षांपूर्वी महाडला गेले होते, तळ्याच्या पायऱ्यांवर एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या, नात्यागोत्याचं काही विचारलं नाही आम्ही एकमेकींना. त्यांनी दोन पायऱ्या उतरून पाण्याला हात लावला, तो ओला हात आधी नातवाच्या डोक्यावरून फिरवला मग स्वतःच्या डोळ्यांना लावला. ठराव कितीही होऊ देत, पाण्याला हात लावणारा पहिला हात लागतो. म्हणून गरज होती दादा.

प्रश्न (औरंगाबादहून): विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून न्हाव्यांनी संप केला होता हे खरं का?

उत्तर: हो, खरं आहे. १८९० मध्ये मुंबईत न्हावी समाजातल्या लोकांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते, फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, 'दीनबंधु'चे संपादक, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीही त्यांच्याच चळवळीतून, त्याच वर्षी. रूढीविरुद्ध लेख पुष्कळांनी लिहिले पण रूढी चालवायला ज्याचा हात लागतो त्यानेच हात मागे घ्यावा, ही कल्पना मला आजही थक्क करते. आणि त्यात त्यांची कमाई जाणार होती हे विसरू नका.

प्रश्न (बेळगावहून एक ताई): टिळक आणि आगरकर यांच्या वादात कोण बरोबर होतं?

उत्तर: ह्या प्रश्नावर घराघरात भांडणं झालीत, तरी मी माझं मत सांगते. आधी स्वराज्य की आधी सुधारणा, असा तो वाद सांगतात, पण त्या वादाच्या मध्ये एक जिवंत मुलगी उभी होती तिच्याकडे बघा. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं, नांदायला गेल्या नाहीत, १८८४ मध्ये नवऱ्याने कोर्टात दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने, मग १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग, आणि त्या म्हणाल्या तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार केले. ह्या सगळ्या गदारोळातून संमतिवयाचा कायदा आला, १८९१ मध्ये, दहाचं वय बारा झालं. फक्त बारा! तेवढ्यालाही टिळकांचा विरोध होता, परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये म्हणून. टिळकांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण इथे आगरकर बरोबर होते असंच मी म्हणेन, दहा-बारा वर्षांच्या पोरीला स्वराज्य येईपर्यंत थांब असं सांगता येत नाही. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली पुण्यात, दम्याने खंगून ते ३९ वर्षांचे होण्याआधीच गेले.

प्रश्न (सातारा जिल्ह्यातून एक पालक): आमच्या वस्तीवरची शाळा पट कमी म्हणून बंद होणार अशी चर्चा चालू आहे. जयंतीला सगळे फुले-शाहू-कर्मवीरांचं नाव घेतात, पण आम्ही नक्की काय करायचं?

उत्तर: तुम्ही सातारचे, त्यामुळे कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट तुम्हाला नवी नसणार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह. एकदा मुलांना खायला घरात दाणा उरला नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिलं. मुलांचं जेवण चुकलं नाही. तुमच्यावर अशी वेळ आज येऊ नये कारण आता तुमच्या हातात कायदा आहे, तो वापरा.

फुल्यांनी १८८२ मध्ये जे मागितलं ते हक्क म्हणून आपल्याला मिळालं १ एप्रिल २०१० ला, १२८ वर्षांनी. शिक्षण हक्क कायदा. नियमानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे. आधी वस्तीतली सहा ते चौदा वयाची सगळी मुलं मोजा, नावासकट यादी करा, ऊसतोडीला गेलेल्या आणि घरी बसलेल्या पोरांसकट. दुसऱ्या शाळेचं अंतर रस्त्याने मोजा, मधे ओढा असेल, हायवे असेल तर ते लिहा. मग शाळा व्यवस्थापन समितीची सभा लावा. ह्या समितीत पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका, पण बऱ्याच ठिकाणी सह्या घरी नेऊन घेतात, तसं होऊ देऊ नका, आयांना सभेला बसवा आणि त्यांना बोलू द्या, लहान पोराला ओढा ओलांडून पाठवायला कसं वाटतं हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकत नाही. शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार समितीला कायद्याने आहे, तो मागा. बोललेलं सगळं प्रोसिडिंगमध्ये शब्दात लिहून घ्या, "चर्चा झाली" एवढ्यावर सही करू नका, आणि त्या ठरावाची नक्कल मुलांच्या यादीसह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या.

पहिली सभा झाली की मला कळवा, किती आया आल्या तेही लिहा. अर्जाचा मसुदा करून हवा असेल तर अंकाच्या पत्त्यावर यादी पाठवा, मी लिहून देते.